छोट्या पल्ल्याची हँडिकॅप रेस कशी वाचायची: कार्ड हातात आल्यापासून गेट उघडेपर्यंत

आपल्या मराठवाड्यात रेसकोर्स नाही. नांदेडवाल्याला हैदराबादचं मलकपेट जवळ, लातूर-परभणीवाला पनवेल एक्सप्रेसनं पुण्याला उतरतो, संभाजीनगरवाला देवगिरीत झोपला की सकाळी मुंबईत. बाकी टाइम सगळी रेस मोबाईलवर. आणि मोबाईलवर बघणाऱ्याची एक ठरलेली चूक आहे, कार्ड (रेसमधल्या घोड्यांचा तक्ता) उघडलं की पहिली नजर मागच्या नंबरावर जाते, "हे मागच्या येळी पहिलं आलं, हेच घ्या". मला दर आठवड्याला लोकं हेच विचारायलेत आणि दर आठवड्याला मी तेच सांगायलोय, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

हँडिकॅप रेस म्हणजे चांगल्या घोड्यावर (जॉकी धरून) जास्त वजन आणि कमजोरावर कमी, हेतू हा की सगळे एका रेषेत यावेत. म्हणजे मागच्या वेळी जिंकलेल्याला त्या जिंकण्याची शिक्षा आधीच वजनात झालेली असते. त्यामुळं सुरुवात घोड्यापासून करायचीच नाही, रेसपासून करायची. घोडा नंतर, जॉकी त्याच्यानंतर, आणि भाव (पैजेचा, बोर्डावरचा) सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की बाकीची मेहनत पाण्यात.

(हे रेस ओळखण्यासाठी आहे, पैजेसाठी नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून यावर 40 टक्के जीएसटी आहे, म्हणजे अंदाज बरोबर येऊनही माणूस तोट्यात जाऊ शकतो, आणि गल्लीतला फोनवरचा बुकी तर सरळ बेकायदा. पुढं यावर बोलणार नाही.)

पायरी 1: आधी सामान गोळा करा

अर्धवट माहितीवर बसू नका. हे पाहिजे:

- फायनल कार्ड, म्हणजे अॅक्सेप्टन्स (कोणती घोडी पळणार हे पक्कं होणं) झाल्यानंतरचं. त्याआधी फक्त वजनांची यादी येते, त्यातली अर्धी घोडी पळतच नाहीत
- प्रत्येक घोड्याच्या मागच्या तीन रेसचे व्हिडिओ
- त्या रेसचे स्टुअर्ड्स रिपोर्ट, म्हणजे रेसवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नोंदी
- सकाळच्या ट्रायल्सचे (सरावाच्या पळण्याचे) टायमिंग
- पेनेट्रोमीटरचं (जमीन किती मऊ ते मोजणारं यंत्र) रीडिंग आणि फॉल्स रेलिंग (आतल्या कडेला लावलेलं तात्पुरतं कुंपण) कुठं लावलंय ते
- एक वही. मोबाईलवर नोट्स घेऊ नका, एका नजरेत सगळी घोडी दिसत नाहीत

वरची सगळी घोडी निघून गेली तर उरलेल्यांची वजनं सरसकट वर चढवतात. घोड्याघोड्यातला फरक तोच राहतो पण आकडे बदलतात, म्हणून जुन्या यादीवरून हिशोब केला असेल तर फाडून टाका आणि नव्यानं करा.

मी स्वतः एकदा हे केलंय. रात्रभर गाडीत बसून पुण्याला गेलो, वहीत सगळं मांडून, रंगीत पेनानं बिनानं, आणि पॅडॉकपाशी (रेसआधी घोडी फिरवून दाखवतात ती जागा) गेल्यावर कळलं की ज्या घोड्याच्या पुढं पळण्यावर माझा सगळा अंदाज उभा होता ते सकाळीच रद्द झालेलं. बोर्डावर लिहिलेलं होतं, मीच बघितलं नव्हतं.

इशारा: रेसच्या सकाळी रद्द घोड्यांची यादी बघितल्याशिवाय कुठलाही अंदाज पक्का धरू नका.

पायरी 2: घोड्यांची नावं झाका आणि फक्त रेस वाचा

खरंच नावांवर हात ठेवा. वरची ओळ वाचा. पल्ला किती, क्लास (रेटिंगप्रमाणे पाडलेला गट) कोणता, रेटिंगची (घोड्याच्या ताकदीला दिलेला आकडा) मर्यादा काय, वयाची अट काय.

पल्ला 1000, 1100 किंवा 1200 मीटर असेल तर तो स्प्रिंट. 1400 हे मधलंच, त्यात दम पण लागतो. मुंबई-पुण्याला क्लास फोर म्हणजे साधारण 20 ते 46 रेटिंग, क्लास थ्री 40 ते 66. हैदराबादला कार्डाची मांडणी वेगळी असते, तिथली अट तिथंच वाचायची, पुण्याची सवय तिकडं चालवायची नाही. दोन क्लास एकमेकांवर चढलेले दिसतात ना, 40 ते 46, गंमत तिथंच आहे. 44 रेटिंगचं घोडं क्लास फोरमध्ये सगळ्यात जास्त वजन घेऊन पळेल आणि तेच घोडं क्लास थ्रीमध्ये जवळजवळ सगळ्यात हलकं. कुठं टाकलंय यावरून ट्रेनरच्या मनात काय आहे त्याचा थोडा अंदाज येतो.

1200 मीटर एक मिनिट दहा-बारा सेकंदात संपतं. हे डोक्यात ठेवा, कारण एका सेकंदात पाच-सहा लेंथ (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) जातात. गेटमधून निघायला एक सेकंद उशीर झाला की लांब रेसमध्ये भरून काढता येतं, इथं नाही.

पायरी 3: नंबर नाही, मागची रेस बघा

कार्डावर 6 लिहिलंय म्हणून घोडं वाईट होत नाही. सहावा आला पण पहिल्यापासून अडीच लेंथवर, तर स्प्रिंटमध्ये ते जवळच होतं. दुसरा आला पण आठ लेंथ मागं, तर त्या दुसऱ्या नंबराला काही अर्थ नाही.

व्हिडिओ तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त गेट, कोण पटकन निघालं, कोण अडखळलं. दुसऱ्यांदा फक्त तुमचं घोडं, बाकी कोणाकडं बघू नका, ते वळणावर बाहेरून गेलं का, पुढं भिंत झाली म्हणून जॉकीला लगाम ओढावा लागला का. तिसऱ्यांदा शेवटचे 200 मीटर, आणि तिथं घोड्यापेक्षा जॉकीचे हात बघा. हात शांत असताना जिंकलं तर अजून शिल्लक आहे. 400 मीटर उरल्यापासून चाबूक चालू होता आणि कसंबसं मानेनं जिंकलं, तर संपलेलं आहे.

मग स्टुअर्ड्स रिपोर्ट. धक्का बसला, उशिरा निघालं, नाकातून रक्त आलं, हे सगळं तिथं असतं आणि आपली लोकं ते वाचतच नाहीत. रक्त आलेलं घोडं परत पळायलंय तर जरा सांभाळून.

तपासून बघा: प्रत्येक घोड्यासमोर एकच वाक्य लिहिता येतंय का, "मागच्या वेळी असं का झालं"? येत नसेल तर व्हिडिओ परत लावा.

पायरी 4: वजनाचा हिशोब

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो म्हणून इथं जरा दम धरून.

रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. सहा पॉइंटचा फरक म्हणजे तीन किलो, एवढं सोपं. दुसरा अंदाज असा की 1000 मीटरला एक लेंथ म्हणजे साधारण दीड किलो धरायचं, 1200 ला सव्वा किलो, 1600 ला एक किलोच्या आसपास. हा कच्चा हिशोब आहे, त्याच्यावर सोनाराच्या काट्यासारखा विश्वास टाकायचा नसतो, पण हिशोबच न करण्यापेक्षा लाखपट बरा.

एक बनावट रेस घेऊ. नावं माझी, बैलांची वाटतील पण चालवून घ्या. 1200 मीटर, क्लास फोर, सहा घोडी:

- बिजली, रेटिंग 44, वजन 61, गेट 6
- पवळ्या, रेटिंग 38, वजन 58, गेट 3
- सुलतान, रेटिंग 36, वजन 57, गेट 2
- चंद्री, रेटिंग 30, वजन 54, गेट 4
- लाल्या, रेटिंग 26, वजन 52, गेट 5, अॅप्रेंटिस (शिकाऊ) जॉकीची सूट 2 किलो
- मोत्या, रेटिंग 22, वजन 50, गेट 1

मागच्या वेळी याच पल्ल्यावर बिजलीनं पवळ्याला दोन लेंथनं हरवलं. तेव्हा बिजलीचं रेटिंग 36 होतं आणि वजन 57, पवळ्यावर 58. जिंकली म्हणून तिला आठ पॉइंट चढवले. आता ती 61 घेऊन पळणार, पवळ्या तेच 58. आधी बिजली एक किलोनं हलकी होती, आता तीन किलोनं जड, म्हणजे चार किलोचा पलटा. सव्वा किलोला एक लेंथ धरली तर तीन लेंथच्या थोडं वर. दोन लेंथनं हरलेला पवळ्या कागदावर आता एक लेंथ पुढं आला की नाही?

कागदावर आला. पण बिजली त्या दिवशी शेवटच्या पन्नास मीटरला जोर न लावता आरामात जिंकली असेल तर ती दोन लेंथ खरी दोन नव्हतीच, चार असती. म्हणून पायरी 3 आधी आणि पायरी 4 नंतर. उलटं केलं की आकडा बरोबर येतो आणि उत्तर चुकतं.

आता चंद्री. मागच्या वेळी 1400 वर पाचवी, सहा लेंथ मागं, आणि वळणावर तिला दाबलं होतं. त्या पाचव्या नंबरामुळं रेटिंग 34 वरून 30 वर आलं, दोन किलो सुटले. शेवटची जिंकली होती ती 32 रेटिंगवर, 1200 वरच. म्हणजे आत्ता ती तिच्या जिंकलेल्या रेटिंगच्या खाली आहे आणि पल्ला पण तिचा. अशी घोडी शोधायची सवय लावा, प्रत्येकासमोर "शेवटचं कोणत्या रेटिंगवर जिंकलं" हे लिहा. फक्त ते जिंकणं दोन-तीन वर्षांपूर्वीचं असेल तर सोडून द्या, म्हातारं घोडं खाली येतच राहतं आणि प्रत्येक वेळी स्वस्त दिसतं.

इशारा: "50 किलोच आहे, हलकं आहे, पळंल" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. मोत्या हलका आहे कारण तो कमी ताकदीचा आहे. वजन किती यापेक्षा मागच्या वेळेपेक्षा किती बदललं ते बघा.

पायरी 5: पुढं कोण पळणार, याचा नकाशा काढा

वहीचं कोरं पान घ्या, गेटच्या क्रमानं नावं लिहा, आणि प्रत्येकासमोर एक अक्षर: पुढं पळणाऱ्याला प, मधल्याला म, मागून येणाऱ्याला श. पायरी 3 मध्ये पहिल्यांदा गेट बघितलंय ना, ते इथं कामाला येतं.

आपल्या रेसमध्ये सुलतान प, लाल्या प, बिजली पण प. बाकी पवळ्या म, चंद्री श, आणि मोत्या गेटमधून कायम झोपेत निघतो म्हणून तो पण श.

मागच्या वेळी बिजली एकटीच पुढं होती, कोणी छेडलं नाही, आरामात पळाली. आज तिच्या आतल्या बाजूला लाल्या आहे, सूट धरून फक्त 50 किलो आणि वर शिकाऊ पोरगं, ते सुसाटच सोडणार, आणि त्याच्याही आत सुलतान. बिजलीला सहाव्या गेटवरून 61 किलो घेऊन दोघांना ओलांडायचंय नाहीतर वळणावर तिसऱ्या ओळीत बाहेरून पळायचंय. दोन्ही महागात जाणार. तिघं पहिले 600 मीटर एकमेकांना खाणार आणि शेवटच्या दीडशेत मागचे येणार.

पण एकच प असता तर? तर स्प्रिंटमध्ये त्या एकट्याला पकडणं लै अवघड असतं, वजन थोडं जास्त असलं तरी. माझं मत असं की छोट्या पल्ल्यात वजनाच्या दोन किलोपेक्षा हा नकाशा जास्त सांगतो, आणि लोकं उलटं करतात, किलो मोजत बसतात, नकाशा काढतच नाहीत.

तपासून बघा: प किती आहेत? शून्य असेल तर रेस हळू सुटणार, चांगल्या गेटवरचा म पुढं जाऊन बसू शकतो. एक असेल तर तो वर घ्या. तीन किंवा जास्त असतील तर मागच्यांकडं बघा.

पायरी 6: गेट, रेलिंग आणि जमीन

गेट नंबर एक म्हणजे रेलिंगजवळ, हे सगळ्यांना माहीत असतं, पण "एक नंबर गेट म्हणजे चांगलं" हे अर्धंच खरं. पटकन निघणाऱ्याला चांगलं. मोत्यासारख्या झोपाळूला एक नंबर म्हणजे कोंडी, बाहेरचे सगळे आत येतात आणि तो रेलिंगला चिकटून मागं राहतो.

फॉल्स रेलिंग लावलं असेल तर आतली तुडवलेली पट्टी बंद होते आणि नवी जमीन मिळते. त्या दिवशीच्या पहिल्या दोन रेस बघा, जिंकणारे रेलिंगजवळून आले की मधून, आणि मगच चौथ्या-पाचव्या रेसचं गेट तपासा.

पेनेट्रोमीटरचा आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. पुण्याचा सीझन पावसाळ्यात असतो, म्हणजे सकाळचं रीडिंग आणि दुपारची सर यांचा मेळ लागेलच असं नाही. आपल्या काळ्या रानात पावसानंतर पाय कसा रुततो तुम्हाला सांगायला नको, जड घोड्याला अन् जड वजनाला मऊ जमिनीत त्रास दुप्पट. कोणत्या घोड्यानं आधी ओल्यात पळून दाखवलंय ते वहीत वेगळं लिहा.

पायरी 7: ट्रायल, जॉकी, साज

इथं पटपट. 600 मीटर 38 सेकंदात हा आकडा एकटा काही सांगत नाही, सोबत "सहज" लिहिलंय की "दाबून पळवलं" ते बघा. वर कोण बसलं होतं ते पण, कारण जड रायडरच्या खाली केलेले 39 हलक्या पोराच्या 38 पेक्षा चांगले असू शकतात. ट्रायल एकाच कामाची: घोडं तब्येतीत आहे की नाही. लांब सुट्टीनंतर येणाऱ्या घोड्यासाठी मात्र ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण दुसरं काही हातात नसतं.

अॅप्रेंटिसची सूट म्हणजे फुकटचे किलो, पण पोरगं पुढं पळणाऱ्या घोड्यावर असेल तर बरं, मागून गर्दीतून वाट काढायची असेल तर ते दोन किलो लगेच परत जातात. ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं) पहिल्यांदाच लावलेत का, नाल बदललीय का, हे कार्डावर असतं. पहिल्यांदा ब्लिंकर्स लावलेलं घोडं नेहमीपेक्षा जोरात सुटू शकतं, म्हणजे तुमच्या नकाशात एक प वाढला, परत पायरी 5 वर जा.

पायरी 8: भाव बघायच्या आधी क्रम लिहा

बोर्ड बघितला की डोकं फिरतं. फेव्हरिट कोण हे एकदा कळलं की मग आपण त्याच्यासाठी कारणं शोधायला लागतो, माझं पण होतं. म्हणून आधी वहीत क्रम, प्रत्येकाला एक कारण, आणि खाली एक अट.

माझा असा येईल: चंद्री, पवळ्या, बिजली, सुलतान, लाल्या, मोत्या. चंद्री वर कारण पुढं तिघांची मारामारी आणि ती जिंकलेल्या रेटिंगच्या खाली. पवळ्या दुसरा कारण वजनाचा पलटा त्याच्या बाजूनं, पण तो सुलतानच्या मागं कोंडला जाऊ शकतो. आणि अट: लाल्या अन् सुलतान यातलं एक जरी रद्द झालं तर पवळ्या पहिला, दोन्ही रद्द झाली तर बिजली सगळ्यांच्या वर, कारण मग ती एकटीच पुढं.

अट लिहिली नाही तर पायरी 1 मध्ये माझं झालं तेच तुमचं होणार.

पायरी 9: पॅडॉकमध्ये बघायचं ते

इथं आपली लोकं खूश होतात, कारण माळेगावच्या यात्रेत घोडी बघून नजर तयार झालेली असते. ती नजर कामाची आहे पण अर्धी घरी ठेवून या. देवमण, भोवरे, पंचकल्याणी, हे खंडोबाच्या यात्रेत किंमत वाढवतं, इथं त्याचा एक ग्रॅम पण वजनात धरत नाहीत. दात बघायची गरज नाही, वय कार्डावर आहे.

बघायचं ते असं. पुठ्ठे भरलेले आहेत का, स्प्रिंटचा जोर तिथून निघतो. कातडी तकतकीत आहे का. पोट सुटलेलं आहे की ओढलेलं. चालताना मागचा पाय लांब पडतो की आखूड. दोन मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस, शेपटी सारखी झटकणं, डोकं वर करून नाचणं, हे दिसलं तर घोडं गेटच्या आधीच दमायलंय. उन्हाळ्यात मानेवर थोडा घाम चालतो, सगळीच घोडी घामेजलेली असतील तर ते हवामान, एकच असेल तर ते घोडं.

मोबाईलवर पॅडॉक चार-पाच सेकंदच दाखवतात, तेवढ्यात पुठ्ठे आणि शेपटी, बस, बाकीचं सोडा.

इशारा: पॅडॉकमध्ये घोडं छान दिसलं म्हणून सहाव्यावरून पहिल्यावर आणू नका. वाईट दिसलं तर खाली न्या. खाली न्यायला पॅडॉक चांगला, वर आणायला नाही.

पायरी 10: रेस झाल्यावर वही परत उघडा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात. अंदाज बरोबर आला की चूक ते नंतर, आधी नकाशा बरोबर होता का ते बघा. तिघं पुढं जाणार म्हणाला होतात, गेले का? गेले आणि तरी बिजली जिंकली तर समजा की तिचं 44 पण अजून कमी आहे, पुढच्या वेळी चढवलेल्या वजनावर पण तिला विचारात घ्यायचं. तिघं गेलेच नाहीत, लाल्याच्या पोरानं गेटवर लगाम धरून ठेवला, तर तुमचा निकाल चुकला असला तरी चंद्रीबद्दलचं मत बदलायचं कारण नाही, तिला हवी ती रेस मिळालीच नाही.

हे त्याच रात्री लिहा, व्हिडिओ परत लावून. नंतर नवं रेटिंग आलं की ते त्याच ओळीत जुन्याच्या शेजारी टाका, म्हणजे पुढच्या कार्डाला पायरी 4 अर्धी झालेली असते.